दोन संघांचा खेळाडू : जॅकी रॉबिन्सन

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

खेळाडूचे मोठेपण आपण सहसा आकड्यांवरून मोजतो. किती धावा, किती बळी, किती सामने, किती पदके! पण काही खेळाडूंची खरी गोष्ट आकड्यांत मावत नाही. ती आकड्यांच्या बाहेर, मैदानाच्या फाटकापाशी घडलेली असते. अमेरिकेचा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन हा असा खेळाडू होता. १९७२ साली तो वारला. त्याला जाऊन अर्धे शतक उलटून गेले. तरीही दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीगचा प्रत्येक खेळाडू त्याचा ४२ हा क्रमांक पाठीवर लावून मैदानात उतरतो.

मेजर लीगच्या दप्तरात या खेळाडूच्या नावापुढे अवघे दोन संघ आहेत. पहिला कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि दुसरा ब्रुकलिन डॉजर्स. २०२० सालापर्यंत यांपैकी एकच संघ तिथे मानला जात होता. पहिला संघ काळ्या माणसांचा होता, म्हणून त्याचा खेळ हिशेबातच नव्हता! या दोन संघांमध्ये एक बंद दार होते. त्या दाराची हकिगत म्हणजेच जॅकीचे चरित्र.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. पण त्याची धाकटी बहीण सॉफ्टबॉल आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमुळे आपल्या परिचयाची आहे. मैदानात एक समभुज चौकोन असतो. त्याच्या एका कोपऱ्यावर होम प्लेट आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो गोल दांड्याच्या बॅटने टोलवतो आणि एकेक बेस गाठत, सगळा चौकोन पुरा करून पुन्हा होम प्लेटला पोहोचला की संघाची एक धाव होते. चेंडू टोलवलेला नसतानाही प्रतिपक्षाची नजर चुकवून पुढचा बेस गाठता येतो. याला बेस चोरणे म्हणतात. तिसऱ्या बेसवरून पिचरच्या डोळ्यांदेखत थेट होम प्लेटच चोरणे ही तर या खेळातील सर्वांत धाडसाची गोष्ट! डॉजर्सच्या साखळी सामन्यांत जॅकीने ही चोरी १९ वेळा केली.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण माणसाच्या मनातून ती इतक्या लवकर जाणार नव्हती. शाळा, उपाहारगृहे, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ, सगळीकडे गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. आपल्या देशातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बेसबॉलमध्येही हेच झाले. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून मेजर लीगमध्ये खेळला होता; पण त्यानंतर गोऱ्या संघमालकांनी आपापसांत ठरवून दार लावून घेतले. नवलाची गोष्ट अशी, की नियमपुस्तकात तसा एकही नियम लिहिलेला नव्हता. लिहिलेल्या नियमाविरुद्ध निदान दाद तरी मागता येते. न लिहिलेल्या नियमाविरुद्ध ती कोणाकडे मागायची? साठ वर्षे हा अलिखित नियम चालला.

ज्यांना दाराबाहेर ठेवले होते ते मात्र हातावर हात ठेवून बसले नाहीत. १९२० साली कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली आणि कृष्णवर्णीयांचे संघ आपसांत खेळू लागले. मोनार्क्स हा त्यांतील एक नामांकित संघ. या संघाने १९३० साली दिव्यांचे फिरते खांब बरोबर नेऊन रात्रीचे सामने सुरू केले. मेजर लीगमध्ये दिव्यांच्या उजेडात पहिला सामना झाला तो पाच वर्षांनंतर, १९३५ साली! ज्यांना दुय्यम ठरवले होते ते असे पुढे होते.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो या गावाजवळ झाला. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होते. जमीन मालकाची, घाम वाटेकऱ्याचा आणि वर्षाअखेरीस हिशेब मालकाच्या वहीतला. पाच भावंडांत जॅकी सर्वांत धाकटा. तो अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मॅली हिने खचून न जाता पाचही लेकरांना बरोबर घेतले आणि आगगाडीने देशाचे दुसरे टोक गाठले. कॅलिफोर्नियातील पासाडेना या शहरात ती गोऱ्यांच्या घरची धुणी-इस्त्री आणि घरकाम करू लागली. पुढे पेपर स्ट्रीटवर तिने एक घर मिळवले. आजूबाजूची वस्ती गोऱ्यांची. हे कुटुंब तिथून उठावे म्हणून शेजाऱ्यांनी खटपटी केल्या. पण मॅली हलली नाही. आई कामावर जाई तेव्हा लहानग्या जॅकीला बहीण विला मे आपल्याबरोबर शाळेत नेत असे. तो वर्गाबाहेर वाळूत खेळत बसे आणि शाळा सुटली की बहिणीचे बोट धरून घरी येई. त्या शहरातील पोहण्याचा तलाव काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस खुला असे. अशा वातावरणात हा मुलगा वाढला.

त्याचा थोरला भाऊ मॅक हा निष्णात धावपटू होता. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्स पहिला आला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच्या पाठोपाठ दुसरा कोण आला? मॅक रॉबिन्सन! ऑलिंपिकचे रौप्यपदक घेऊन आलेल्या या तरुणाला स्वतःच्या गावात काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. ऑलिंपिकचे जाकीट अंगात घालून तो पासाडेनाचे रस्ते झाडत असे. धाकट्या भावाने हे डोळ्यांनी पाहिले होते. गुण असले की जग आपोआप मान देते, या समजुतीत तो कधीच राहिला नसेल.

जॅकी प्रथम पासाडेनाच्या ज्युनिअर कॉलेजात आणि मग लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला. तिथे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी खेळ अशा चार खेळांत विद्यापीठाचे मानचिन्ह मिळवणारा तो पहिलाच विद्यार्थी ठरला. याच विद्यापीठात त्याला रेचेल आइसम भेटली. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये दोघांचे लग्न झाले. पण १९४१ साली, पदवी हाताशी आली असताना, त्याने विद्यापीठ सोडले. आईच्या डोक्यावरचा भार कमी करायचा होता. शिवाय शिकूनसवरून काळ्या माणसाला नोकरी कोण देणार, असेही त्याच्या मनाने घेतले होते. घरात कॉलेजची पायरी प्रथमच चढलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांतून तो रोज विचारला जातो. जॅकीने पदवी घेतली नाही याचे मला वाईट वाटते. पण त्याला दोष देण्याचे धाडस मात्र होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात बोलावणे आले आणि १९४३ साली तो सेकंड लेफ्टनंट झाला. जुलै १९४४ मध्ये टेक्सासमधील कॅम्प हूड या तळावर एक प्रसंग घडला. बसच्या ड्रायव्हरने त्याला मागच्या बाकावर जाऊन बसण्यास फर्मावले. अंगावर लष्करी गणवेश असलेल्या या अधिकाऱ्याने साफ नकार दिला. प्रकरण वाढले आणि जॅकीवर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला. नऊ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होऊन तो निर्दोष सुटला. बसमधील जागेवरून रोझा पार्क्स यांनी माँटगोमेरीला दिलेला लढा जगाला माहीत आहे. तो १९५५ सालचा. त्याच्या अकरा वर्षे आधी हा तरुण आपल्या जागेवरून उठला नव्हता. अन्याय मुकाट्याने सोसणे त्याच्या रक्तात नव्हते. पुढील हकिगत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये तो सैन्यातून मुक्त झाला आणि १९४५ साली मोनार्क्समध्ये शॉर्टस्टॉप म्हणून खेळू लागला. पगार महिना ४०० डॉलर. संघ बसने गावोगाव फिरे. अनेक ठिकाणी खोली मिळत नसे, उपाहारगृहात बसू देत नसत. मग खाणे बांधून घ्यायचे आणि बसमध्येच खायचे. या धावपळीला आणि लीगच्या विस्कळीत कारभाराला जॅकी कंटाळला होता. तरीपण व्यावसायिक बेसबॉलची धुळाक्षरे त्याने इथेच गिरवली. मुरलेल्या खेळाडूंबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध रोज खेळायला मिळाले, तेही इथेच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टन रेड सॉक्स या संघाने त्याला आणि आणखी दोघा कृष्णवर्णीय खेळाडूंना चाचणीसाठी बोलावले होते. चाचणी झाली, पण पुढे कोणालाही बोलावणे आले नाही.

पण ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांच्या मनात वेगळेच काही शिजत होते. रिकी धार्मिक वृत्तीचे होते, तसेच पक्के व्यवहारीही होते. वर्णभेदाची त्यांना चीड होती आणि निग्रो लीगमध्ये गुणांची खाण आहे, हेही त्यांनी हेरले होते. २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी जॅकीला ब्रुकलिनच्या कचेरीत बोलावले. तीन तास ही भेट चालली. रिकी यांनी कधी उर्मट हॉटेलवाल्याचे, तर कधी शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूचे सोंग घेऊन त्याची कसोटी पाहिली. गोऱ्यांच्या संघात जागा मिळणार होती. पण एका अटीवर. कोणी काहीही बोलो, काहीही करो, सुरुवातीच्या काळात उलट उत्तर द्यायचे नाही आणि हात उचलायचा नाही. एकदा जरी तोल गेला, तरी काळी माणसे या खेळाला लायक नाहीत असे म्हणायला सगळे टपलेले होते. आणि हे कोणाला सांगितले जात होते? बसमधल्या एका जागेसाठी खटल्याला सामोरे गेलेल्या माणसाला! जॅकीने अट मान्य केली. आपल्या चुकीची शिक्षा आपल्या मागे उभ्या असलेल्या हजारोंना होईल, हे त्याला समजले होते. पहिल्या माणसाला चूक करण्याची मुभा नसते. ती चैन नंतरच्यांसाठी.

या करारातील एक गोष्ट मनाला डाचते. डॉजर्सने मोनार्क्सला एक पैसाही दिला नाही. मोनार्क्सचा खेळाडूशी रीतसर करारच नाही, असे कारण पुढे करण्यात आले. गोऱ्या संघाचा खेळाडू असा फुकट नेता आला असता का? एका कृष्णवर्णीय मुलाच्या वाटेत काटे पसरले असे कोणी म्हणू नये, म्हणून मोनार्क्सच्या मालकांनीही ताणून धरले नाही. दुसऱ्या संघाची कीर्ती उभी राहिली. पहिल्याच्या वाट्याला काहीच आले नाही.

१९४६ साली जॅकीला डॉजर्सच्या हाताखालील माँट्रियल रॉयल्स या संघात पाठवण्यात आले. सरावासाठी तो फ्लॉरिडात गेला तेव्हा एका गावातून त्याला रातोरात निघावे लागले, तर दुसऱ्या गावात मैदानालाच कुलूप घातले गेले. पण १८ एप्रिलला जर्सी सिटी येथील पहिल्याच सामन्यात त्याने पाच संधींत चार यशस्वी फटके मारले. त्यांत एक होमरन होता. शिवाय दोन बेस चोरले आणि चार धावा पुऱ्या केल्या! त्या मोसमात फलंदाजीत तो लीगमध्ये पहिला आला आणि रॉयल्सने अजिंक्यपद पटकावले. कॅनडातील त्या शहराने त्याला डोक्यावर घेतले. अंतिम विजयानंतर गोऱ्या प्रेक्षकांचा जमाव त्याच्यामागे रस्त्यातून धावत सुटला, तो त्याला मारण्यासाठी नव्हे, मिठी मारण्यासाठी!

आणि मग तो दिवस उजाडला. १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सचा पहिला बेसमन म्हणून उतरला. त्या दिवशी त्याला एकही यशस्वी फटका मारता आला नाही. एक धाव मात्र त्याने केली आणि डॉजर्स जिंकले. दार उघडले होते. पण उंबरठा ओलांडणे आणि घरात सामावले जाणे यांत फार अंतर असते. मोसमापूर्वीच डॉजर्समधील काही खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध अर्ज तयार केला होता. केंटकी या दक्षिणेकडील राज्यातून आलेल्या पी वी रीसने त्यावर सही करण्याचे नाकारले. फिलाडेल्फियाच्या संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने तर आपल्या खेळाडूंसह त्याच्यावर इतक्या गलिच्छ शिव्यांचा भडिमार केला, की अर्जाच्या बाजूचे सहकारीही त्या दिवशी जॅकीच्या बाजूने उभे राहू लागले. टपालाने जीवे मारण्याच्या धमक्या येत. बेसवर उभा असताना प्रतिपक्षाचे खेळाडू बुटाचे खिळे त्याच्या पायात रुतवत. जॅकी गप्प राहिला. त्याने उत्तर दिले ते बॅटने आणि पायांनी. त्या मोसमात त्याने १२५ धावा केल्या आणि २९ बेस चोरले. उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो पहिल्यांदा त्यालाच मिळाला. आता त्या पुरस्कारालाच त्याचे नाव आहे.

१९४९ पासून त्याने मौनाचे बंधन झुगारले. आता तो पंचांशी वाद घालू लागला, अन्यायाविरुद्ध जाहीरपणे बोलू लागला. गंमत पाहा, कालपर्यंत त्याच्या सहनशीलतेचे गोडवे गाणारे आता त्याला भांडकुदळ म्हणू लागले! पण याच वर्षी त्याचा खेळ कळसाला पोहोचला. दर हजार संधींमागे ३४२ यशस्वी फटके, अशा सरासरीने तो नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ठरला. (या खेळात तीनशेची सरासरी उत्तम मानतात.) लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू हा किताबही त्याला मिळाला. १९५५ साली जागतिक मालिकेतील पहिल्याच सामन्यात, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध होम प्लेट चोरली. त्या वर्षी ब्रुकलिनने आपले पहिले आणि एकमेव जागतिक अजिंक्यपद मिळवले.

दहा मोसम खेळल्यावर डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सने त्याला न्यूयॉर्क जायंट्सला देऊन टाकले. बाजारात जनावराचा सौदा व्हावा तसा हा व्यवहार. मात्र तेव्हा सर्वच खेळाडूंच्या बाबतीत तो होत असे. पण जॅकीने खेळ सोडण्याचा निर्णय आधीच घेऊन ठेवला होता. जायंट्सचा गणवेश त्याने अंगाला लावलाच नाही. म्हणून त्याच्या नावापुढे संघ राहिले ते दोनच.

इथे थोडे मागे वळून त्या पहिल्या संघाकडे पाहिले पाहिजे. मोनार्क्सचे काय झाले? जॅकीने उघडलेल्या दारातून हळूहळू इतरही आत गेले. जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडच्या संघात गेला. त्याच महिन्यात मोनार्क्सचे विलार्ड ब्राउन आणि हँक थॉम्पसन हे दोघे सेंट लुईस ब्राउन्सकडून खेळले. पण महिनाभरात त्यांना परत पाठवण्यात आले. १९४८ साली मोनार्क्सचा विख्यात पिचर सॅचेल पेज, तर १९५३ साली अर्नी बँक्स मेजर लीगमध्ये पोहोचला. चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागे प्रेक्षकही गेले. निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद पडली. जॅकीने १९४८ साली एका मासिकात या लीगच्या कारभारावर कठोर टीका केली, तेव्हा नेवार्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. ज्या खांद्यांवर उभा राहून तू वर पोहोचलास ते खांदे विसरू नकोस, असा त्याचा आशय होता. मला वाटते, दोघांचेही म्हणणे खरे होते. जॅकीने सांगितलेल्या उणिवा खोट्या नव्हत्या. पण त्या उणिवा ज्या दारिद्र्यातून आणि बंदीतून आल्या होत्या, तीही खोटी नव्हती.

आणि जे दारापर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचे काय? जॉश गिब्सन हा निग्रो लीगमधील सर्वांत जबरदस्त फलंदाज. २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. जॅकी ब्रुकलिनच्या मैदानात उतरला त्याच्या तीनच महिने आधी! असे किती जॉश बाहेरच्या बाहेर संपले असतील? आणि ज्या रेड सॉक्सने १९४५ साली जॅकीला चाचणी घेऊन परत पाठवले होते, त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५९ साली. तोपर्यंत जॅकीची कारकीर्द संपूनही गेली होती!

निवृत्तीनंतर जॅकी एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाला. १९६२ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. १९६३ सालच्या वॉशिंग्टन मोर्चात तो सामील झाला. काळ्या लोकांना कर्ज मिळावे म्हणून १९६४ साली हार्लेममध्ये फ्रीडम नॅशनल बँक उभी करण्यात त्याने पुढाकार घेतला. राजकारणात त्याचे अंदाज चुकलेही. १९६० साली त्याने निक्सन यांना पाठिंबा दिला आणि पुढे त्याबद्दल त्याला पस्तावा झाला. शेवटची वर्षे तर फारच कष्टाची गेली. थोरला मुलगा जॅकी ज्युनिअर व्हिएतनामच्या युद्धात जखमी झाला, परत येऊन व्यसनात सापडला, त्यातून मोठ्या कष्टाने बाहेर आला आणि १९७१ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, मोटार अपघातात गेला. मधुमेहाने जॅकीचे शरीर पोखरले आणि दृष्टी जवळजवळ गेली.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे जागतिक मालिकेच्या सामन्यात त्याचा सत्कार झाला. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने घडवलेल्या इतिहासाचा तो गौरव होता. केस पांढरे झालेले, दिसणे अंधूक झालेले. अशा स्थितीत हार-तुरे घेऊन तो गप्प बसला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्याने तिथेही सर्वांसमक्ष सांगून टाकले, की एखाद्या संघाचा व्यवस्थापक कृष्णवर्णीय असलेला पाहीन तेव्हाच मला खरे समाधान वाटेल. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. त्याची ही इच्छा १९७५ साली पुरी झाली. पण ती पाहायला तो नव्हता. क्लीव्हलँडच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाचे नाव होते फ्रँक रॉबिन्सन. आडनाव तेच, नाते मात्र काही नाही. की नाते होतेच?

१९९७ साली, त्याच्या पदार्पणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, मेजर लीगने ४२ हा क्रमांक सर्व संघांतून कायमचा निवृत्त केला. पण मला त्याहून मोठी वाटते ती डिसेंबर २०२० मधील घोषणा. १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा असल्याचे त्या दिवशी मान्य करण्यात आले. मग २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले आणि जॉश गिब्सन ३७२ च्या सरासरीने आजवरच्या सर्व फलंदाजांत पहिला ठरला. मरणानंतर ७७ वर्षांनी! आणि जॅकीच्या नावापुढे, डॉजर्सच्या वर, मोनार्क्सची १९४५ सालची ओळ आली.

काहीजण म्हणतील, मेलेल्यांच्या आकड्यांची बेरीज करून काय मिळाले? मोनार्क्सच्या बसमधील उपाशी रात्री काही परत येत नाहीत. हे खरेच आहे. पण नोंद होणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांची नोंद नाही ते नव्हतेच, असे पुढची पिढी समजते. आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी रान राबले, दगड फोडले, धुणी धुतली, त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत?

जॅकीच्या आयुष्यातून मी एवढेच शिकलो, की बंद दारातून पहिल्यांदा आत जाणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या असतात. एक म्हणजे आपल्यामागे दार पुन्हा लागू न देणे. ही जबाबदारी त्याने मरेपर्यंत, सत्काराच्या व्यासपीठावरही, निभावली. दुसरी म्हणजे आपण कोठून आलो ते न विसरणे. ही त्याहून अवघड आहे, आणि ती खुद्द जॅकीलाही सोपी गेली नाही. शिक्षणाने आपल्यालाही एक दुसरा संघ मिळतो. नवी भाषा, नवे मित्र, नवे कपडे मिळतात. तो संघ अवश्य गाजवावा. पण आपली हकिगत कोणी लिहायला घेतली, तर तिच्या पहिल्या ओळीत पहिल्या संघाचे नाव असले पाहिजे; आणि ते लिहून घ्यायला पंचाहत्तर वर्षे थांबावे लागू नये.